डायलिसिसवर असलेल्या वडिलांना मायलोमाची केमो द्यायची की नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. सहा-सात महिने कंबर धरलेली, त्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. मग पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ९.२ निघालं आणि मानेत नळी घालून डायलिसिसला बसवलं. त्याला आज अठरा दिवस झाले. हिमोग्लोबिन ७.१. कंबरेच्या हाडातून काढलेल्या नमुन्यात प्लाझ्मा पेशी ४० टक्के, निदान मल्टिपल मायलोमा, म्हणजे याच प्लाझ्मा पेशींचा, रक्ताचा एक कॅन्सर. एका डॉक्टरांनी सांगितलं, "आधी किडनी सुधारू द्या, मग केमोचं बघू." भावकीतले म्हणतात, "दोन-दोन आजार आहेत, आता त्यांचे हाल करू नका." आणि तुम्ही विचारताय, किडनी बंद असताना कॅन्सरचं औषध झेपेल का?

मी सोलापुरात गेली एकोणीस वर्षं रक्ताच्या आजारांचे रुग्ण बघते, आणि हा प्रश्न वर्षातून अनेकदा माझ्यासमोर येतो. प्रत्येक वेळी आधी हेच सांगते की हा क्रम उलटा लागलाय. तुमच्या वडिलांची किडनी बहुधा मायलोमामुळेच बसली आहे. तसं असेल तर किडनी सुधारायची वाट बघत केमो थांबवणं म्हणजे छत गळतंय म्हणून घरातलं पाणी उपसत राहायचं आणि कौलाला हात लावायचा नाही. इथे केमो हाच किडनीवरचा उपचार आहे. आणि त्याला घाई आहे.

वडिलांना मी तपासलेलं नाही. त्यांचं हृदय कसं आहे, साखर आहे का, अंगात कुठे जंतुसंसर्ग आहे का, लघवी किती होते, यावर बरंच काही ठरेल. त्यामुळे डोस आणि औषध तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी फक्त विचार कसा करायचा आणि त्यांना काय विचारायचं ते सांगते.

मायलोमात प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच छापाचं प्रथिन ओतत राहतात. त्या प्रथिनाचे लहान तुकडे, ज्यांना लाइट चेन म्हणतात, किडनीच्या गाळणीतून सहज खाली उतरतात. पुढच्या बारीक नळ्यांमध्ये किडनी स्वतः एक चिकट प्रथिन बनवत असते, त्याच्याशी हे तुकडे जुळतात आणि नळीत घट्ट बुच बसतात. अंगात पाणी कमी असलं की बुच लवकर बसतात. एप्रिल-मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, कारखान्यातली उष्णता, दिवसभरात जेमतेम दोन तांबे पाणी, आणि त्यावर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. तुमच्या वडिलांची हकीकत वाचताना मला हेच चित्र दिसलं. कंबरदुखी मायलोमाची होती, गोळ्या कंबरदुखीच्या होत्या, आणि दोघांनी मिळून किडनी बसवली. यात तुमची किंवा त्यांची चूक नाही. कंबरदुखीला अशी गोळी घेत नाही असं घर आपल्याकडे क्वचितच सापडेल.

लघवीच्या साध्या पट्टीवर प्रथिन 'थोडंच' दिसलं असं तुम्ही लिहिलंय. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन तिच्या नजरेतून सुटतात. १८४५ साली लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे एका रुग्णाची लघवी तपासायला आली होती. गरम केली की गढूळ व्हायची, उकळली की परत स्वच्छ. तेव्हापासून हे प्रथिन त्यांच्या नावाने ओळखलं जातं. आज आपण रक्तातली फ्री लाइट चेन मोजतो. तुमच्या फाइलमध्ये हा रिपोर्ट मला दिसत नाही. तो सर्वांत आधी करून घ्या. कप्पा आणि लॅम्डा अशा दोन आकड्यांचं गुणोत्तर त्यात येतं. निरोगी माणसात ते ०.२६ ते १.६५ असतं, पण किडनी बंद असेल तर ०.३७ ते ३.१ पर्यंत चालतं. त्यामुळे गुणोत्तर २.५ आलं म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला मायलोमा आहे असं म्हणता येत नाही. वडिलांचं, कप्पा वाढलं असेल तर बहुतेक शेकड्यात येईल, लॅम्डा वाढलं असेल तर शून्याच्या अगदी जवळ. बिघडलेल्या लाइट चेनचा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर किडनीत बुच बसलेत हे जवळपास नक्की समजा. तो ५०० च्या खाली आणि लघवीत अल्ब्युमिन भरपूर असेल, तर कारण दुसरं असू शकतं आणि किडनीची बायोप्सी लागेल. सोलापुरातून हा नमुना बऱ्याचदा बाहेर जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. निदान हातात असताना मी तेवढे दिवस बसून राहत नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करता येतं.

घाई कशासाठी, तेही सांगते. केमोच्या पहिल्या एकवीस दिवसांत लाइट चेन साठ टक्क्यांनी उतरल्या तर किडनी परतण्याची शक्यता बरीच वाढते. बुच जुने झाले की नळ्यांचे व्रण होतात, आणि व्रण केमोने विरघळत नाहीत. तुमचे अठरा दिवस डायलिसिसमध्ये गेले, पण केमोचा पहिला दिवस अजून उगवलेला नाही. सहा महिन्यांनी, क्वचित वर्षानेही डायलिसिस सुटलेले रुग्ण असतात, म्हणून 'आता काय उपयोग' असं म्हणू नका. फक्त आजपासूनचा एकेक दिवस मोजा.

किती जणांचं डायलिसिस सुटतं? फ्रान्समध्ये अशाच ९८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली आला. सगळ्यांना बोर्टेझोमिब हे मायलोमाचं इंजेक्शन आणि डेक्सामेथासोन दिलं होतं. नेहमीच्या फिल्टरवर डायलिसिस झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक तीन महिन्यांत डायलिसिसमधून बाहेर आले. म्हणजे दोन तृतीयांश तेव्हा आले नाहीत, हेही मनाशी ठेवा. त्याच अभ्यासात निम्म्या रुग्णांना मोठ्या छिद्रांच्या खास फिल्टरवर ठेवलं होतं, लाइट चेन यंत्रानेच उपसून काढता येतील का ते बघायला. तीन महिन्यांच्या आकड्यात ठोस फरक पडला नाही. ब्रिटन आणि जर्मनीतल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात तर २०१९ साली काहीच फायदा दिसला नाही, उलट छातीचे संसर्ग वाढले. कुणी महागडा स्पेशल फिल्टर सुचवला तर जमीन गहाण टाकू नका. तो पैसा इंजेक्शनला ठेवा.

आता औषधं. 'झेपेल का' याचं उत्तर औषध शरीरातून कुठून बाहेर पडतं यावर आहे. जे यकृत मोडतं ते डायलिसिसच्या रुग्णाला बहुतेक नेहमीच्या डोसमध्ये चालतं. जे लघवीवाटे जातं ते साठतं आणि विष होतं. बोर्टेझोमिब यकृत मोडतं. किडनी शंभर टक्के बंद असली तरी त्याचा डोस कमी करावा लागत नाही, आणि म्हणूनच अशा रुग्णांत ते आमचं पहिलं औषध. पोटाच्या कातडीखाली आठवड्यातून एकदा देतो. या औषधाने पायाला मुंग्या येतात, पण शिरेतून देण्यापेक्षा असं दिलं की त्या कमी येतात. डोस चौरस मीटरला १.३ मिलिग्रॅम. यंत्रमागावर राबलेल्या किडकिडीत माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर भरतं, म्हणजे २ मिलिग्रॅमची एक कुपी जवळजवळ पुरी लागते. याचं भारतीय कंपन्यांचं जेनेरिक मिळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०१९ पासून आहे. जोडीला डेक्सामेथासोन, तेही डोस न बदलता, फक्त साखरेवर लक्ष ठेवून. तिसरं औषध म्हणून सायक्लोफॉस्फमाइड कमी डोसमध्ये किंवा थॅलिडोमाइड. थॅलिडोमाइडचा डोस बदलावा लागत नाही, पण डायलिसिसच्या रुग्णात ते पोटॅशियम वाढवू शकतं आणि रक्ताच्या गुठळ्याही करू शकतं. लेनॅलिडोमाइड मात्र लघवीवाटे जातं. धडधाकट माणसाला २५ मिलिग्रॅम देतो तिथे डायलिसिसच्या रुग्णाला रोज ५, आणि डायलिसिसच्या दिवशी ती गोळी डायलिसिस झाल्यावर. डाराटुमुमॅब चांगलं आहे, किडनीला जड नाही, पण खर्च आपल्या आवाक्याच्या फार बाहेर जाऊ शकतो. ते देणार असाल तर त्याआधीच रक्तपेढीला कळवून रक्तगटाची सविस्तर तपासणी करून ठेवा. नंतर क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रक्त जुळवून बघण्यात, घोटाळा होतो आणि हिमोग्लोबिन सहावर असताना रक्ताची पिशवी मिळायला उशीर होतो.

औषधाइतकंच महत्त्व वेळेला आहे. नातेवाईक गोळीचं नाव पाठ करतात, वेळ विचारतच नाहीत. डायलिसिसचं यंत्र चार तासांत युरियाबरोबर काही औषधंही धुऊन नेतं. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असेल तर सायक्लोफॉस्फमाइड, लेनॅलिडोमाइड, बरीचशी अँटिबायोटिक्स डायलिसिसनंतर. बोर्टेझोमिबही मी यंत्र बंद झाल्यावरच टोचते. रुग्णाला वेगळी फेरी पडत नाही, आणि त्या दिवशीचा पेशींचा रिपोर्ट हातात असतो. माझ्या रुग्णांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही लाल पेनाने लिहितो, 'डायलिसिस रुग्ण. प्रत्येक औषधाचा डोस विचारून.' तुम्हीही लिहा.

असं का लिहायला लागलो, तेही सांगते. बोर्टेझोमिबवर नागीण उठू शकते, म्हणून असायक्लोव्हिरची गोळी लहान डोसमध्ये रोज द्यावी लागते. एका आजोबांची ती गोळी मध्येच बंद झाली आणि छातीवर नागीण उठली. गावातल्या एका दवाखान्यात त्यांना नागिणीचा नेहमीचा डोस दिला गेला, ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा. धडधाकट माणसाला तो बरोबरच आहे. तिसऱ्या दिवशी आजोबा भिंतीवरच्या न दिसणाऱ्या मुंग्या बोटांनी वेचायला लागले, मुलाला ओळखेनात. घरच्यांना वाटलं झटका आला, डोक्याचं स्कॅनही झालं. गोळी थांबवली, ओळीने दोन दिवस डायलिसिस केलं, तेव्हा तिसऱ्या सकाळी त्यांनी सुनेला नावाने हाक मारून चहा मागितला. असायक्लोव्हिर यंत्राने धुतलं जातं म्हणून निभावलं. पायाच्या मुंग्यांसाठी देतात त्या प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनचंही तसंच. डायलिसिसच्या रुग्णाला पूर्ण डोस दिला तर तो झोपेतून उठत नाही, हातपाय झटकतो.

दुखण्याच्या गोळ्या आजच बंद करा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांतलं काही नको, किडनी परतायची आशा आहे तोवर तर अजिबात नको. पॅरासिटामॉल चालेल. त्याने भागलं नाही तर फेंटानिलचा पॅच लावता येतो. मॉर्फिनचे अवशेष डायलिसिसच्या रुग्णात साठतात, म्हणून ते टाळतो. कंबरेचा एकच मणका दुखत असेल तर रेडिएशनची एकच बैठकसुद्धा मोठा आराम देते, आणि तिचा किडनीशी संबंध नाही. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन कुणी लिहिलं तर थांबवा आणि विचारा. डायलिसिसमध्ये ते देत नाहीत. त्याऐवजी डेनोसुमॅब सुचवलं तर आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासा, कारण डायलिसिसच्या रुग्णात ते कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकतं. काढे, भस्मं आणि ग्रीन टी बंद. ग्रीन टीतला एक घटक बोर्टेझोमिबलाच बांधून ठेवतो.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की एक डॉक्टर तीन लिटर प्यायला सांगतात आणि डायलिसिसवाले एका लिटरवर अडवतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मायलोमात किडनी चालू असेल तर भरपूर पाणी हेच औषध. लघवी बंद असेल तर तेच पाणी फुप्फुसात साठतं. तुमच्या वडिलांना लघवी किती होते त्यावर ठरवा. एका मावशींच्या मुलीने पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर पेनाने खुणा करून रोजची लघवी वहीत लिहिली होती. पहिल्या आठवड्यात १५० मिली, मग २२०, तिसऱ्या आठवड्यात ४००, सातव्या आठवड्यात ९००. क्रिएटिनिन सुधारायच्या आधी त्या वहीनेच आम्हाला सांगितलं की किडनी जागी होतेय. डायलिसिस आठवड्याला तीनचं दोन झालं, मग एक, मग थांबलं. क्रिएटिनिन पुढे २.६ वरच राहिलं, पण मानेतली नळी निघाली. तुम्ही आजपासून अशी वही घाला. आणि जेवणात शेंगाचटणी तूर्त ताटाबाहेर ठेवा. सोलापूरच्या माणसाला हे सांगताना जिवावर येतं, पण शेंगदाण्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर, वर मीठ.

डायलिसिस युनिटला तीन गोष्टी सांगून ठेवा. बोर्टेझोमिबने प्लेटलेट खाली-वर होतात, म्हणून दर वेळी काउंट बघून हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यायचं, फार कमी असतील तर हेपरिनशिवाय डायलिसिस. मानेच्या नळीशी ताप किंवा थंडी आली, विशेषतः यंत्र लावल्यावर हुडहुडी भरली, तर त्याच क्षणी रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी. आणि डाव्या हाताच्या शिरा जपायच्या, तिथे सुई नाही, बीपीचा पट्टाही नाही, कारण किडनी परतली नाही तर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनीची जोडणी, तिथेच करावा लागेल. याच कारणासाठी केमोला दंडातून लांब नळी घालू देऊ नका.

तुमच्या प्रश्नाखाली आणखी एकांनी विचारलंय की त्यांची आई मधुमेहामुळे पाच वर्षं डायलिसिसवर आहे आणि आता रक्ताचा कॅन्सर निघाला. ही गोष्ट वेगळी. तिथे किडनी कॅन्सरमुळे गेलेली नाही, त्यामुळे केमोने ती परतणार नाही, घाईचं गणित लागत नाही. प्रश्न फक्त औषधाच्या वाटेचा उरतो. आजार सीएमएल (सावकाश वाढणारा एक रक्ताचा कॅन्सर) असेल तर त्याची गोळी इमॅटिनिब मुख्यतः यकृतातून जातं आणि डायलिसिसवरही घेता येतं. अशा रुग्णाला नुसत्या गोळीवर वर्षानुवर्षं चांगलं जगता येतं. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरच्या, नेहमीच्या केमोतली बरीच औषधं डोस सांभाळून देता येतात. पण मेथोट्रेक्सेट डायलिसिसच्या रुग्णाला द्यायचंच नाही, सांधेदुखीसाठी आठवड्याला घेतात ती छोटी गोळीसुद्धा नाही, पेशी पार खाली जातात. फ्लुडाराबिन नाही. ॲक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, सायटाराबिन मोठ्या डोसने दिलं तर ते मेंदूवर जातं, रुग्णाचा तोल जातो, बोलणं अडखळतं. म्हणून तिथे अझासिटिडिनसारखा सौम्य मार्ग बघतो, आणि कबूल करते की तिथे यश कमी आहे. कोणतीही केमो किंवा रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. डायलिसिस युनिटमध्ये ती झालेली असते, रिपोर्ट मागून घ्या.

इंजेक्शनं कुठे घ्यायची? बोर्टेझोमिबसाठी मुंबईला जाऊन राहायची गरज नाही. निदानाची खात्री आणि औषधांचा आराखडा परळच्या टाटा हॉस्पिटलमधून करून आणायचा असेल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाऊन या, पण डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचा प्रवास धरा आणि पुढची पाळी चुकू देऊ नका. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल सत्तर किलोमीटरवर आहे. तुम्ही ज्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिस घेताय तिथेच आठवड्याचं इंजेक्शन देता आलं तर सर्वांत बरं, वडिलांची एक फेरी वाचते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि केमो दोन्ही बसतात. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटताना रेशनकार्ड, आधार आणि बोन मॅरोचा रिपोर्ट न्या. दोन्ही उपचारांची मंजुरी वेगवेगळी लागू शकते, एक झाली की दुसरी आपोआप होत नाही.

भावकीचं म्हणणंही मी झटकून टाकणार नाही. मी स्वतः काही रुग्णांत केमो सुरू केलेली नाही. वय ८४, आधीच अंथरुणाला खिळलेले, हृदय पंचवीस टक्क्यांवर, आणि स्वतः हात जोडून नको म्हणणारे एक आजोबा होते. त्यांच्याबाबत तो निर्णय बरोबर होता. तुमचे वडील ६१ वर्षांचे आहेत, दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सायकलने कारखान्यात जात होते असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना संधी न देणं मला पटत नाही. दोन महिने औषध द्या. लाइट चेन उतरल्या नाहीत, त्रासच जास्त झाला, तर तेव्हा पुन्हा बसून ठरवता येईल. लाइट चेन उतरल्या पण किडनी परतली नाही, असंही होऊ शकतं. तेव्हाही डायलिसिसवर राहून मायलोमा काबूत ठेवता येतो. पुढे स्टेम सेल प्रत्यारोपणाचाही विचार होतो, फक्त त्यात देतात त्या मेल्फलान या केमोचा डोस चौरस मीटरला २०० मिलिग्रॅमऐवजी १४० धरतात.

शेवटी तुम्ही विचारलंय, बाबांना सांगायचं का. तीन वेळा डायलिसिसला नेताय, कंबरेतून हाड टोचून नमुना काढलाय, घरात सगळे दबक्या आवाजात बोलतायत. त्यांनी ओळखलंच असेल. उद्याच्या डायलिसिसच्या चार तासांत त्यांच्याजवळ बसा आणि आजाराचं नाव तुम्हीच सांगा. त्याच वेळी फाइल घेऊन डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: फ्री लाइट चेनचा नमुना आज जाईल का, डेक्सामेथासोन आज सुरू करता येईल का, आणि बोर्टेझोमिबचं पहिलं इंजेक्शन कोणत्या डायलिसिसनंतर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेत मागा.